मेडन, डर्बी आणि आदत : तरुण जनावरांच्या शर्यतीचा एक लुप्त अध्याय

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष महिन्यात भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. या बाजारात बैल पाहावयास आलेला शेतकरी प्रथम जनावराची चाल पाहतो, खूर पाहतो आणि मग त्याचा खालचा ओठ अंगठ्याने खाली दाबून दात मोजतो. हेडी कितीही शपथा वाहो, जनावराचे वय त्याच्या तोंडातच लिहिलेले असते अशी शेतकऱ्याची खात्री असते. दुधाचे दात अद्याप पडलेले नाहीत असा खोंड ‘आदत’ म्हटला जातो. पुढचे दोन कायमचे दात आले की तो ‘दुसा’ किंवा दोनदाती, चार आले की ‘चौसा’, आणि आठही दात पुरे झाले की ‘जुळलेला’ बैल होतो. ‘आदत’ हा शब्द ‘अदंत’ या शब्दाशी जुळणारा आहे. मात्र आदत खोंडाला दात नसतात असे नाही. त्याला दुधाचे दात असतात, परंतु बाजार ते दात हिशेबात धरत नाही.

शर्यतीच्या मैदानावरही हीच भाषा चालते. घाटावरील सातारा-सांगली भागात ‘आदत’ गटाची स्वतंत्र मैदाने भरविली जातात. तरुण जनावर तरुण जनावराविरुद्धच पळावे, ही त्यामागील कल्पना होय. ही कल्पना सहज सुचणारी वाटत असली तरी ती अमलात आणणे सोपे नाही. तरुण जनावरांची वेगळी शर्यत घ्यावयाची तर प्रत्येक जनावराचे वय सर्वांना मान्य होईल अशा रीतीने सिद्ध करता आले पाहिजे. जेथे जन्माची नोंद आहे तेथे ते साधते. जेथे अशी नोंद नाही तेथे दातांवर किंवा अन्य एखाद्या खुणेवर विसंबावे लागते. मुंबई इलाख्यात व कलकत्त्यास एकोणिसाव्या शतकात अरबी घोड्यांच्या ज्या शर्यती होत असत, त्यांच्या इतिहासात या अडचणीवर शोधलेला एक वेगळाच तोडगा दिसून येतो. त्या शर्यती आज पूर्णपणे नामशेष झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या लुप्त शर्यतीचा उगम, तिचे स्वरूप आणि तिच्या अस्ताची कारणे यांचे विवेचन केले असून, तिच्या अनुषंगाने शहापूर-मुरबाड परिसरातील बैलांच्या शर्यतीसमोर उभ्या असलेल्या वयाच्या प्रश्नाचाही विचार केला आहे.

वयाच्या शर्यतीचा जन्म :

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमधील घोड्यांच्या मोठ्या शर्यती प्रौढ घोड्यांच्या असत. पाच-सहा वर्षांचा घोडा, सुमारे चार मैलांचे अंतर आणि एकाच दिवशी तीन-चार वेळा धावणे, असा तो प्रकार होता. येथे वेगापेक्षा दमाची परीक्षा अधिक होत असे. घोडा पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला पोसावयाचे आणि त्यानंतर तो पळतो की नाही हे पाहावयाचे, हा व्यवहार जमीनदारांनाच परवडणारा होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १७७६ मध्ये सेंट लेजर, १७७९ मध्ये ओक्स आणि १७८० मध्ये डर्बी या शर्यती सुरू झाल्या. या तिन्ही शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी होत्या आणि त्यांचा निकाल एकाच धावेत लागत असे. १७८६ मध्ये न्यूमार्केट येथे दोन वर्षांच्या घोड्यांसाठी जुलै स्टेक्स ही शर्यत सुरू झाली. ती आजही चालू आहे. मालकाला लावलेल्या पैशाचे फळ लवकर हवे होते आणि पैज लावणाऱ्याला अनिश्चितता हवी होती. पाच वर्षांच्या घोड्याची कुवत सर्वांना ठाऊक झालेली असते, तर दोन वर्षांच्या शिंगराविषयी कोणालाच काही निश्चित सांगता येत नाही. पैजेला असे शिंगरूच अधिक सोयीचे असते.

या घाईला प्रारंभी कोणतीही मर्यादा उरली नव्हती. एक वर्षाच्या शिंगरांच्याही शर्यती इंग्लंडमध्ये काही काळ होत असत. अखेर १८५९ च्या सुमारास तेथील जॉकी क्लबने त्या बंद केल्या. घोड्यांच्या शर्यतीच्या इतिहासात कायमची लुप्त झालेली तरुण घोड्यांची पहिली शर्यत म्हणून तिचाच उल्लेख करावा लागेल. ती बंद झाल्याची खंत कोणी बाळगल्याचे दिसत नाही.

वयावर आधारलेली शर्यत सुरू झाली तशी जन्मनोंदीची गरजही वाढली. १७९१ मध्ये ‘जनरल स्टड बुक’ या वंशावळीच्या ग्रंथाचा प्रास्ताविक खंड प्रसिद्ध झाला. ज्या घोड्याचे आईबाप या ग्रंथात सापडतात तो ‘थरोब्रेड’, ही व्याख्या त्यातूनच पुढे रूढ झाली. प्रत्येक घोड्याचा वाढदिवस एकाच तारखेला मानण्याची प्रथाही याच गरजेतून आली. पूर्वी ही तारीख १ मे होती. एकोणिसाव्या शतकात ती १ जानेवारी झाली.

परंतु ग्रंथात नोंद असली म्हणून मैदानात उभा असलेला घोडा तोच आहे, हे कशावरून ठरवावयाचे? १८४४ च्या डर्बीत हा प्रश्न उभा राहिला. ‘रनिंग रेन’ या नावाने उतरलेला घोडा त्या वर्षी पहिला आला. तो तीन वर्षांचा नसून ‘मॅकॅबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा आहे, असा आरोप झाला. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी या प्रकरणाचा छडा लावला आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ‘ऑर्लँडो’ या घोड्याचे मालक कर्नल पील यांच्याशी बक्षिसाच्या रकमेवरून वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीश बॅरन ऑल्डरसन यांनी साक्षीदारांच्या जबान्यांपेक्षा साधी गोष्ट मागितली : घोडा हजर करा, त्याचे दात पाहू. घोडा हजर झाला नाही आणि ऑर्लँडो विजयी ठरला. त्याच शर्यतीत ‘लिअँडर’ नावाचा दुसरा एक घोडा जखमी होऊन मारावा लागला होता. पुढे त्याचा जबडा तपासला असता तोही चार वर्षांचा असल्याचे आढळले. ज्या देशात वंशावळीचा छापील ग्रंथ पन्नास वर्षे अस्तित्वात होता, तेथील सर्वांत प्रतिष्ठेच्या शर्यतीत एकाच दिवशी दोन घोड्यांच्या वयाचा घोटाळा झाला आणि त्याचा निवाडा शेवटी दातांवर आला, ही बाब म्हशाच्या बाजारातील कोणत्याही शेतकऱ्याला मुळीच नवल वाटण्याजोगी नाही.

मुंबईचा अरबी घोडा :

मुंबईत घोड्यांच्या शर्यतीची व्यवस्था पाहणारा टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला. त्या काळी शर्यती भायखळ्याच्या मैदानावर होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मी येथे गेल्या आणि १९३५ मध्ये क्लबला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. पुण्यातही लष्कर भागात पावसाळी हंगामात शर्यती होत असत. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ या मैदानांवरील प्रमुख घोडा इंग्लिश थरोब्रेड नसून अरबी होता.

याचे कारण व्यापारात आहे. बसरा, कुवेत, बुशायर या इराणच्या आखातातील बंदरांतून मुंबईत दरवर्षी घोडे येत. प्रथम ते गलबतांतून येत, पुढे आगबोटींतून येऊ लागले. कंपनी सरकारच्या व नंतर राणी सरकारच्या घोडदळाला घोड्यांची सतत गरज होती. संस्थानिकांचे तबेले होते, अधिकाऱ्यांच्या स्वारीचे घोडे होते. मुंबईतील अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांत हंगामाच्या प्रारंभी नव्या घोड्यांची रांग लागे आणि इलाख्याच्या कानाकोपऱ्यांतून अधिकारी ती पाहावयास येत. थळ घाट व बोर घाट या दोन वाटांनी देशावर जाणाऱ्या वाहतुकीत घोडाही होता. १८६५ मध्ये थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाला. आज कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून उंबरमाळीचा थांबा ओलांडणारा प्रवासी त्याच मार्गाने जात असतो. (घोड्यांशी या परिसराचा संबंध याहून कितीतरी जुना आहे. मुरबाड तालुक्याच्या सीमेवरील नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात अश्वमेध यज्ञाचा उल्लेख आहे. तथापि तो वेगळ्या लेखाचा विषय ठरावा.)

मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान, हसन अली शाह, हे घोड्यांचे शौकीन म्हणून प्रसिद्ध होते. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु शर्यतीच्या घोड्यांची आवड त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या टिकली. अशा मोठ्या मालकांबरोबरच लष्करातील कॅप्टन, लेफ्टनंट हुद्द्याचे अनेक अधिकारी एकेक घोडा बाळगून शर्यतीत उतरत. स्वारी, शिकार, पोलो आणि शर्यत या साऱ्यांना तोच घोडा चाले. अरबी घोड्याची खरी ख्याती या बहुउपयोगीपणात होती.

या घोड्यांचे वय हा मात्र नेहमीच गुंतागुंतीचा भाग होता. अरबस्तानातील टोळ्यांना आपल्या घोड्यांच्या मातृवंशाचा अभिमान होता आणि ती वंशपरंपरा मुखोद्गत असे. पण ती लेखी नसे आणि घोडा तीन-चार हात बदलून मुंबईस पोहोचेपर्यंत ती मागेच राहून जाई. व्यापाऱ्याच्या तबेल्यात घोड्याबरोबर त्याचे नाव, रंग आणि किंमत येई. जन्मतारीख येत नसे. दातांवरून अदमास बांधता येई. घोड्याचे समोरचे कायमचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने येतात. त्यामुळे पाच वर्षांपर्यंतचे वय दातांवरून बऱ्यापैकी कळते. त्यानंतर दातांच्या झिजेवर विसंबावे लागते आणि तेथे जाणकारांतही मतभेद होतात. शिवाय सहा महिन्यांचा फरक दाताने निश्चित सांगता येत नाही, आणि तरुण घोड्यांच्या शर्यतीत तोच फरक निर्णायक ठरत असतो.

वयाच्या जागी कोरी पाटी :

अशा परिस्थितीत इंग्लंडमधील डर्बी हिंदुस्थानात जशीच्या तशी आणणे शक्य नव्हते. तिचे नाव मात्र आणावयाचे होते. येथील शर्यत-आयोजकांनी यावर जो तोडगा काढला तो लक्षणीय आहे. त्यांनी वयाची अट सोडून ‘मेडन’ असण्याची अट घातली. ज्या घोड्याने पूर्वी एकही शर्यत जिंकलेली नाही तो मेडन. १८४२ मध्ये कलकत्त्यास सुरू झालेली ‘कलकत्ता डर्बी’ ही शर्यत मेडन अरबी घोड्यांसाठी होती. अंतर अडीच मैलांचे होते आणि बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. इंग्लंडची डर्बी दीड मैलाची व तीन वर्षांच्या घोड्यांची होती. दोन्ही शर्यतींचे नाव एकच असले तरी त्यांचा आशय भिन्न होता.

मेडन ही अट वयाच्या अटीचे काम कसे करीत असे, हे समजून घेतले पाहिजे. तरुण घोड्याच्या शर्यतीचे मर्म वयात नसून अपरिचिततेत असते. घोडा अजून कोणी पाहिलेला नाही, त्याची कुवत सिद्ध झालेली नाही, म्हणून त्याच्याविषयी आशा बाळगता येते. बसऱ्याहून नुकताच उतरलेला घोडा चार वर्षांचा असो की सहा वर्षांचा, मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या मैदानाला तो तितकाच अपरिचित असे. जन्माची नोंद नव्हती, पण निकालांची नोंद क्लबच्या वहीत होती आणि ती कोणालाही पाहता येत होती. आयोजकांनी अविश्वसनीय नोंद बाजूला ठेवून विश्वसनीय नोंदीवर शर्यत उभी केली, असे म्हणता येईल.

घोड्यांच्या शर्यतीत वजन समतोल करण्याचाही प्रश्न असतो. मोठ्या घोड्याने अधिक वजन वाहावे, लहानाने कमी, हा सर्वमान्य नियम होय. हिंदुस्थानात वयाबरोबर उंचीचाही आधार घेऊन वजन ठरविण्याची पद्धत होती. घोडा सपाट जागी उभा करून खांद्याजवळ त्याची उंची मोजली जाई आणि त्यानुसार वजन ठरे. वय लपविता येते, उंची लपविणे अवघड, असा त्यामागील हिशेब असावा. उंची मोजतानाही घोड्याला अंग चोरून उभे राहावयास शिकविणारे लोक होतेच. परंतु ही लबाडी निदान सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले.

मेडन शर्यतीच्या मर्यादा उघड होत्या. मेडन घोडा तरुणच असेल असे नाही. चांगला घोडा मुद्दाम न जिंकविता राखून ठेवावा आणि मोठ्या बक्षिसाच्या वेळी मेडन म्हणून उतरवावा, ही युक्ती सुचण्यास फारशा बुद्धीची गरज नव्हती. तरीही या शर्यतीचा एक परिणाम जनावराच्या दृष्टीने हितकारक होता, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. वयाच्या शर्यतीत घोडा त्या वर्षी पळाला नाही तर संधी कायमची जाते. मेडन शर्यतीत घोड्याला आणखी एक वर्ष विश्रांती दिली तरी संधी राहते. मालकाला घाई करण्याचे कारण उरत नाही.

अरबी घोड्यांच्या इतिहासग्रंथांत सांगितली जाणारी ‘मैदान’ नावाच्या घोड्याची हकिकत या संदर्भात उद्बोधक ठरते. हा घोडा १८६९ च्या सुमारास नेज्द प्रांतात जन्मला, १८७१ मध्ये मुंबईत आला आणि अब्दुल रहमान या प्रसिद्ध व्यापाऱ्याकडून एका लष्करी अधिकाऱ्याने तो विकत घेतला. काही वर्षे शर्यती जिंकल्यानंतर तो अनेक वर्षे लष्करात स्वारीचा घोडा होता. त्यानंतर तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि पुढे इंग्लंडला नेण्यात आला. वयाच्या सतराव्या वर्षी तो फ्रान्समध्ये अडथळ्यांची शर्यत जिंकला, असे सांगितले जाते. यातील प्रत्येक तपशील तंतोतंत मानण्याचे कारण नाही. पण घोड्याचे आयुष्य तीन वर्षांच्या आत ठरून जात नाही, असे ज्या काळातील लोकांना वाटत होते, त्या काळाची ही कथा आहे.

अस्ताची कारणे :

अरबी घोड्यांच्या शर्यतीचा ऱ्हास एकाएकी झाला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर इंग्लिश थरोब्रेड हिंदुस्थानात आणणे सोपे झाले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधून येणारा ‘वेलर’ घोडा घोडदळाला अधिक पसंत पडू लागला. तो उंच होता आणि मोठ्या संख्येने मिळत असे. तुर्की साम्राज्याने वेळोवेळी घोड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मैदानावर इंग्लिश घोड्यासमोर अरबी घोड्याचा टिकाव लागत नव्हता. पळण्याच्या एकाच गुणासाठी शंभराहून अधिक वर्षे निवडून पैदास केलेल्या जातीशी बहुगुणी घोड्याची ही गाठ होती आणि तिचा निकाल ठरलेलाच होता. परिणामी अरबी घोड्यांसाठी स्वतंत्र शर्यती ठेवाव्या लागल्या. जी शर्यत एके काळी मुख्य होती, ती राखीव झाली.

पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाचे महत्त्व घटले आणि या व्यापाराचा कणाच मोडला. लष्कर घोडे घेत होते तोवर शर्यत ही त्या व्यापाराची शोभा होती. केवळ शर्यतीसाठी तो व्यापार उभा राहू शकत नव्हता. तरीही मुंबई-पुण्याच्या मैदानांवर अरबी घोड्यांच्या शर्यती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालू होत्या. शतकाच्या मध्यावर त्या संपल्या.

त्यांच्या जागी जे आले ते मात्र आजही आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी घोड्यांची आयात थांबली आणि देशात जन्मलेल्या थरोब्रेड घोड्यांना महत्त्व प्राप्त झाले. १९४३ मध्ये महालक्ष्मी येथे पहिली इंडियन डर्बी झाली. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने जिंकविली. देशातील घोड्यांच्या जन्माची नोंद होत असल्याने आता वयाची अट घालता येत होती. मेडनच्या तोडग्याची गरज संपली.

येथे एक गमतीदार विसंगती नोंदवावीशी वाटते. इंग्लंडची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आहे. याचे कारण हवामानात सापडते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि घोड्यांचा सामाईक वाढदिवस १ जानेवारी या हंगामाच्या मधोमध येतो. डिसेंबरात इंडियन टू थाउजंड गिनीज पळणारा घोडा तीन वर्षांचा असतो. तोच घोडा फेब्रुवारीत डर्बी पळतो तेव्हा कागदावर चार वर्षांचा झालेला असतो. दोन महिन्यांत त्याच्यात एका वर्षाचा बदल होत नाही, हे सांगावयास नको. नोंद झाली म्हणजे वयाचा प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

कोवळे हाड :

तरुण घोड्याला पळवावे की नाही, यावर पशुवैद्यकांत दीर्घकाळ वाद आहे. लांब हाडांच्या टोकांशी असणारे वाढीचे पट्टे वेगवेगळ्या वयांत भरून येतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यालगतचा पट्टा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मिटतो, तर मणक्यांची वाढ पाच वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालते. म्हणून दोन वर्षांचे शिंगरू धावविणे म्हणजे अपुऱ्या हाडावर पूर्ण भार टाकणे होय, असा एक पक्ष आहे. हाड हे वापरानुसार घट्ट होणारे ऊतक असल्याने कोवळ्या वयात दिलेला माफक व्यायाम उपकारकच ठरतो, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन वर्षांच्या वयात शर्यतीत उतरलेले घोडे पुढे अधिक काळ धावतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मात्र जे शिंगरू मुळातच सुदृढ असते तेच लवकर उतरविले जाते, हा भाग विसरून चालणार नाही. दोन्ही पक्षांत एकवाक्यता आहे ती इतकीच की, व्यायाम आणि शर्यत या भिन्न गोष्टी आहेत. व्यायामात किती पळावयाचे हे जनावराच्या स्थितीवरून ठरविता येते. शर्यतीत ते प्रतिस्पर्धी ठरवितो.

घोड्यावरील हे निष्कर्ष बैलाला लावता येत नाहीत. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्याच्या देहाची घडण ओढण्यास अनुकूल असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालात हाच मुद्दा मांडला गेला होता : बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीसाठी नाही. त्याआधी ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शन व खेळासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. घोड्याची शर्यत या सर्व काळात निर्वेध चालू होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले होते. मात्र तो निकाल पैजेविषयी होता, घोड्याच्या हाडांविषयी नव्हता.

शहापूर-मुरबाडमधील आदत :

शहापूर, मुरबाड, अकोले, इगतपुरी या घाटमाथ्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या पट्ट्याचे मूळ जनावर डांगी होय. त्याच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे मुसळधार पावसातही ते काम करते. भातखाचरातील चिखलणीला त्याच्या तोडीचे जनावर नाही, परंतु ते वेगासाठी ओळखले जात नाही. शर्यतीसाठी घाटावरचा खिलार लागतो. ठाणे-रायगड पट्ट्यात दोन जोड्यांमध्ये परस्पर आव्हानाने होणाऱ्या ‘बिनजोड’ शर्यतीची मोठी हौस आहे आणि या हौसेपायी बाहेरचे जनावर येथे येते. अरबी घोड्याला इंग्लिश घोड्याने मैदानाबाहेर काढले. डांगी बैल मैदानात कधी नव्हताच, पण खाचरातून मात्र त्याला पॉवर टिलरने बाहेर काढले. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. अशा स्थितीत गायीला गोऱ्हा झाला तर त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न येथील शेतकऱ्यासमोर दर वेताला उभा राहतो. शर्यत हे गोऱ्हा सांभाळण्याचे एक शिल्लक राहिलेले कारण आहे, असे शर्यतीचे समर्थक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे; मात्र ते खिलारापुरते आहे. डांगी गोऱ्ह्याला त्याचा काही उपयोग नाही.

आदत गटाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. गायबैलांत पुढच्या कायमच्या दातांची पहिली जोडी सुमारे दोन ते अडीच वर्षांच्या वयात येते. म्हणजे आदत खोंड हा फार तर अडीच वर्षांचा असतो. गट दातांवर ठरत असल्यामुळे खोंडाला ‘आदत’ म्हणून उतरविण्याची मुदत दात पडेपर्यंतच राहते. दुधाचा पहिला दात हलू लागला की मालकाची घाई सुरू होते. १७८६ च्या न्यूमार्केटमधील मालकाची घाई हीच होती. उलट, दात उशिरा येणारा खोंड वयाने मोठा असूनही आदतमध्ये पळतो आणि नियमानुसार त्यात काहीच गैर नसते. दात हे वयाचे चिन्ह आहे, वय नव्हे. रनिंग रेनच्या खटल्यात दात पुरावा म्हणून मागितले गेले होते. येथे दात हाच नियम आहे.

अलीकडे या व्यवहारात एक नवी नोंद आली आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारून त्याची माहिती केंद्राच्या पशुधन प्रणालीत भरली जाते. २०२४ मध्ये राज्य शासनाने बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस मनाई केली. गोठ्यात जन्मलेल्या वासराला वेळीच बिल्ला मारला गेला तर त्याचा जन्ममहिना कायमचा नोंदला जातो. इंग्लंडच्या घोड्यांना १७९१ मध्ये आणि भारतीय डर्बीच्या घोड्यांना १९४३ पूर्वी जे मिळाले, ते येथील खोंडाला आता मिळू लागले आहे. यातून वयाची किमान मर्यादा घालणे शक्य होईल. अमुक महिन्यांच्या आतील खोंड जुंपता येणार नाही, असा नियम करता येईल आणि तो तपासताही येईल. मेडनच्या धर्तीवर, एकही मैदान न मारलेल्या खोंडांचा वेगळा गट ठेवण्याचाही विचार करता येण्याजोगा आहे. त्यात दात पडण्यापूर्वीच पळविण्याची घाई राहणार नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक मैदानाच्या निकालाची वही ठेवावी लागेल. भायखळ्याच्या क्लबकडे ती होती. गावोगावच्या यात्रा समित्यांकडे आज निकाल असतो तो ध्वनिक्षेपकावरून पुकारला जाणारा आणि दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीवरील चित्रफितींत विखुरलेला.

तूर्त बिल्ला कानात आला आहे आणि बाजारातील हात अजून ओठाकडेच जातो. मोठेपणी बिल्ला मारलेल्या जनावराच्या बाबतीत तर प्रणालीत भरलेले वय हेही कोणीतरी दात पाहूनच सांगितलेले असते.